स्त्रीपर्वांतील भूरिश्रव्याचा हात

रणांत तुटून पडलेला पतीचा हात पाहून पत्नी विलाप करिते व त्याच हाताच्या एकांतांतील चेष्टा आठविते, हा श्लोक साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत व मम्मटानें काव्यप्रकाशाच्या पांचव्या उल्लासांत तो घेतला. शृंगार येथें करुणाचें अंग झाला आहे, एवढेंच त्यांस दाखवावयाचें होतें. आम्हींही शाळेंत अनेक वर्षें तो तसाच शिकविला. हात कोणाचा, तोडला कोणीं, हें विद्यार्थ्यांस सांगितलें नाहीं. ती चूक येथें कबूल करणें प्राप्त आहे.

हात भूरिश्रव्याचा. द्रोणपर्वांत तो सात्यकीचा वध करणार, तोंच कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनानें बाण सोडून त्याचा हात तोडला; पुढें तो प्रायोपवेशनास बसला असतां सात्यकीनें त्याचें मस्तक छेदिलें. स्त्रीपर्वांत गांधारी हें सर्व कृष्णासच दाखवीत आहे. श्लोकाच्या लगत त्या पत्नीचा प्रश्न येतो: पति दुसऱ्याशीं झुंजत असतां केलेल्या या पराक्रमाचें वर्णन, हे जनार्दना, तूं सभांमध्यें कसें करणार? एवढें बोलून ती स्तब्ध होते, आणि तिच्या सवती, जणूं ती आपली सूनच, अशा तिच्यासाठीं शोक करितात.

एकटा श्लोक वाचला तर केवळ शोक दिसतो. संदर्भासह वाचला तर तोच शोक जेत्यास जाब विचारतो, आणि सवतींचें तें एक वाक्य राजवाड्यांतील घरगुती जिव्हाळाही दाखवून जातें. पुढच्याच अध्यायांत गांधारी प्रत्यक्ष कृष्णास शाप देते कीं, छत्तिसाव्या वर्षीं तुझ्या कुळाचा नाश होईल. आणि तो स्मित करून शाप स्वीकारतो. ज्यास ईश्वर मानिलें त्याच्यावरील हा आरोप श्रद्धाळू लेखकांनींही पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतला. भांडारकर संस्थेच्या 1919 ते 1966 या काळांत सिद्ध झालेल्या चिकित्सक आवृत्तींतही तो आहे. श्रद्धेस प्रश्नाचें भय नव्हतें, याचा याहून सबळ पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

आलंकारिकांस दोष देण्याचें कारण नाहीं. आनंदवर्धनानेंच चौथ्या उद्द्योतांत समग्र भारत पाहून शांतरस हा त्याचा मुख्य रस ठरविला. दोष आमचा, आम्हीं उदाहरण घेतलें व ग्रंथ सोडला. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस सुट्या पानाची व्यथा निराळी सांगावयास नको. पान हातीं आलें कीं ते मागचें व पुढचें शोधितात. श्लोकासही तोच न्याय लावावा, एवढीच आमची विनंती आहे.