मृगया, शिकार, पारध : शिकाऱ्याची साक्ष आणि परत येणारे प्राणी

१

एखादा प्राणी एखाद्या प्रदेशातून नाहीसा झाला हे आपल्याला कोणी सांगितले, हा प्रश्न वरवर पाहता वन्यजीवशास्त्राचा आहे. वास्तविक तो वाङ्मयाचाही आहे. मध्य भारतातील अनेक प्राण्यांच्या बाबतीत ही वार्ता देणारा मनुष्य शिकारी होता, आणि आठवणी, रोजनिशी, शिकारकथा किंवा नियतकालिकाला पाठविलेले टिपण अशा रूपांत त्याने ती दिली. आज याच प्रदेशात हे प्राणी परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. रायपूरच्या पूर्वेकडील बारनवापारा अभयारण्यात काळवीट पुन्हा सोडण्यात आले. राज्यप्राण्याचा मान मिळालेल्या रानम्हशीची उदंतीतील संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरल्यावर आसामातील मानस येथून २०२० मध्ये एक नर व एक मादी आणि २०२३ मध्ये आणखी चार माद्या बारनवापाऱ्यात आणल्या गेल्या. शेजारच्या मध्य प्रदेशात कुनो येथे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. 'पूर्वी येथे काय होते' याचा पुरावा म्हणून अशा प्रसंगी शिकाऱ्यांच्या लेखनाचा आधार घेतला जातो. साक्षीदाराची नोंद होते. त्याच्या साक्षीची भाषा मात्र कोणी वाचत नाही. ती वाचणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे.

या वाचनासाठी मराठीनेच एक सोय करून ठेवली आहे. इंग्रजीत ज्या क्रियेला सर्वसाधारणपणे एकच शब्द पुरतो, तिच्यासाठी मराठीत तीन शब्द आहेत : मृगया, शिकार आणि पारध. 'मृगया' संस्कृत काव्यनाटकांतून आलेली आणि राजाची. 'शिकार' फारसीतून आलेली. ती दरबारची, पुढे साहेबाची आणि त्यानंतर परवानाधारक मध्यमवर्गीयाची. 'पारध' रानातली आणि गावकीची. एका जमातीचे नावच तिच्यावरून पडले आहे. बस्तरमध्ये सामूहिक शिकारीला 'पारद' म्हणतात. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात हलबीची नोंद मराठीच्या खंडात केली होती, हे लक्षात घेता हे शब्दसाम्य दखल घेण्याजोगे आहे. हे तीन शब्द काटेकोर संज्ञा नव्हेत, व्यवहारात ते एकमेकांत मिसळतात. परंतु त्यांच्यामागे तीन निवेदक उभे आहेत, आणि प्राणी वाचवावा म्हणजे काय करावे याविषयी त्या तिघांची मते भिन्न आहेत.

२

मृगयेच्या निवेदकासाठी प्राणी हे राज्याच्या वैभवाचे अंग असते. आजच्या छत्तीसगढमधील कोरिया संस्थानचे अधिपती रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्याच्या अखेरच्या निर्विवाद नोंदींमध्ये ही नोंद गणली जाते; १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. या घटनेचे टिपण १९४८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, शिकारीच्या स्मृतिचिन्हांविषयीचा मजकूर म्हणून छापले गेले. त्याखाली संपादकांची जोडटीप आहे. हे वृत्त वाचून आपल्याला शिसारी आली, ते केराच्या टोपलीत टाकावे असेच प्रथम वाटले आणि केवळ दोषारोप म्हणून आपण ते छापीत आहोत, असा तिचा आशय आहे.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने हे पान असाधारण आहे. एकच घटना, एकाच पानावर, दोन वाङ्मयप्रकारांत उभी आहे. वरचा मजकूर वीरगाथेच्या परंपरेतला : किती गोळ्या, किती प्राणी, एकाच गोळीने दोन कसे पडले. खालचा मजकूर अभियोगपत्राचा. दोहोंच्या मध्ये कोणतेही संक्रमण नाही. वरच्या निवेदकाला आपण 'शेवटचे' काही पाहत आहोत याची जाणीव नाही. त्याच्या लेखी ही एक भाग्याची रात्र आहे. 'शेवटचा' हे विशेषण नंतरच्या वाचकांनी त्या संहितेत घातले. शिकाऱ्याची साक्ष वाचताना ही काळाची फट ध्यानात ठेवावी लागते.

याच निवेदकाची दुसरी बाजू अशी की, गेलेला प्राणी पुन्हा आणता येतो यावर त्याचा गाढ विश्वास असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूर-शिवपुरीच्या रानात सोडले. त्यांच्यासाठी बांधलेल्या आवारांचे अवशेष कुनोत आहेत. सिंहांनी गुरे मारली, माणसे मारली, आणि अखेर तो प्रयोग मोडला. माधवरावांनी व्याघ्रशिकारीचे मार्गदर्शन करणारे पुस्तकही लिहिले आहे. सिंह आणविणारा आणि हे पुस्तक लिहिणारा मनुष्य एकच, यात त्या काळी कोणाला विसंगती दिसली नसावी. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर दरबाराने काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले आणि चित्तेवानांनी ते माणसाळवले. म्हणजे आफ्रिकेचा चित्ता भारतात प्रथम २०२२ मध्ये आला असे नव्हे. तो पूर्वीही आला होता. त्या वेळी तो शिकारीचे साधन म्हणून आला, एवढाच फरक.

मृगयेच्या या मताला केवळ दांभिक म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. कोल्हापूरकरांचे शिकारीचे रान होते म्हणून दाजीपूरचे गवे राहिले. जुनागढच्या नवाबांनी राखले म्हणून गीरचा सिंह राहिला. कोरियाचे जुने रान २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या गुरू घासीदास–तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. राजाने राखले ते स्वतःसाठी राखले, हे खरे. पण राखले, हेही खरे. त्याच्या विचारातील उणीव वेगळी आहे. ज्याच्या मालकीचे रान त्याने प्राणी आणावा आणि सोडावा, एवढी ही सरळ कल्पना आहे. त्या रानात आणखी कोणी राहतो, ही गोष्ट तिच्यात बसत नाही.

३

'शिकारी'चा निवेदक मालक नसतो, साक्षीदार असतो. कॅप्टन फॉर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील १८७१ चे पुस्तक आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे १९२३ चे मध्य भारतातील वन्यप्राण्यांवरील पुस्तक हे या परंपरेचे दोन आधारस्तंभ. छत्तीसगढच्या सालवनांकडे जाणारा पूर्वेचा मुलूख आणि तेथील रानम्हैस फॉर्सिथच्या पुस्तकात आहेत. कान्हाच्या बारशिंग्याचे ब्रँडरने केलेले वर्णन आजही अभ्यासक उघडून पाहतात. १९७० च्या सुमारास हा बारशिंगा ६६ वर आला होता आणि पुढे सावरला, तेव्हा या वर्णनांचे मोल नाकारता येत नाही. प्राण्याविषयी हे निवेदक सहसा खोटे बोलत नाहीत. ज्याला माग काढावयाचा आहे त्याला चुकीचे पाहून चालत नाही.

अडचण येते ती कारणमीमांसेत. या वाङ्मयातील क्रियापदांकडे लक्ष दिले तर एक रचना वारंवार आढळते : वैभव प्रथमपुरुषी आणि ऱ्हास तृतीयपुरुषी. मी पाहिले, मी माग काढला, मी नेम धरला. पण रान ओसाड केले ते 'त्यांनी'. फॉर्सिथला रानाचा शत्रू दिसतो तो डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या आदिवासीत. पुढच्या शिकारी-लेखकांना तो पाणवठ्यावर रात्री बसणाऱ्या गावशिकाऱ्यात दिसतो. स्वातंत्र्योत्तर काळात पीकसंरक्षणाच्या बंदुका आणि जीपगाडीतून दिवे टाकून मारणारे नवश्रीमंत त्याची जागा घेतात. यांपैकी कोणताही आरोप निराधार नाही. परंतु आरोप करणाऱ्याची स्वतःची गोळी या हिशोबात कोठेही धरलेली नसते. कॉर्बेटकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटतो. त्यांच्या गाजलेल्या कथांतील निवेदक गावकऱ्यांच्या वतीने नरभक्षकाला मारतो, त्यामुळे अपराधाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि त्याच पुस्तकांत वाघाविषयीची कळकळ निःशंकपणे व्यक्त होते.

अमेरिकन वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्याशी तुलना येथे उद्बोधक ठरते. त्यांचे निबंधांचे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने निघाले. कोरियाचे टिपण त्याच्या आदल्याच वर्षीचे. तरुणपणी एका लांडगिणीला आपण व आपल्या सोबत्यांनी गोळ्या घातल्या आणि तिला मरताना जवळून पाहिले, हा प्रसंग लिओपोल्ड सांगतात. लांडगे गेल्यावर हरणे माजतात आणि डोंगर उघडा पडतो, हा त्यांचा विचार त्या प्रसंगाशी बांधलेला आहे. येथे ऱ्हासही प्रथमपुरुषी आहे. म्हणूनच त्यांच्या संवर्धनविचारात 'इतरांना आवरा' याऐवजी 'मी चुकीचे समजत होतो' हे वाक्य येऊ शकते.

मराठीत या संदर्भात व्यंकटेश माडगूळकरांचा विचार अटळ आहे. तरुणपणी शिकारीत रमलेल्या या लेखकाने पुढे बंदूक सोडली आणि वही-पेन्सिल घेतली. नागझिऱ्याच्या रानातील वानरटोळ्यांवर लिहिलेल्या 'सत्तांतर'मध्ये शिकाऱ्याची सर्व कौशल्ये शाबूत आहेत : वाऱ्याची दिशा, तासन्‌तास निश्चल बसणे, खुणांवरून हालचाल ताडणे. केवळ अखेरची कृती गळून पडली आहे. शिकारी-दृष्टीचे इतके संयत रूपांतर आपल्याकडे दुसरे क्वचितच आढळेल. परंतु बंदुकीबरोबर माणूसही जवळजवळ गळून पडला आहे. 'सत्तांतर'च्या रानात कोणाची हद्द कोठवर, याचा झगडा वानरांपुरता आहे. नागझिऱ्याभोवतीच्या गावांचा त्या रानाशी काय संबंध, हा प्रश्न त्या कलाकृतीच्या कक्षेत येत नाही. कलाकृती म्हणून हा दोष नव्हे. पण निर्मनुष्य रान हाच संवर्धनाचा आदर्श मानणाऱ्या काळात ती वाचताना ही मर्यादा नोंदवावी लागते.

४

तिसरा निवेदक पारधीचा. त्याची स्वतःची संहिता नाही. तो इतरांच्या पुस्तकांत वाटाड्या, खोजी, हाकेवाला म्हणून येतो. फॉर्सिथला रानम्हशीपर्यंत नेणारा कोणीतरी होता; ब्रँडरला बारशिंग्याच्या चरण्याच्या जागा दाखविणारेही असणार. एल्विन यांच्या १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात आणि श्यामाचरण दुबे यांच्या १९५१ च्या कमारांवरील ग्रंथात हा मनुष्य प्रथमच थोडा समोर येतो. दुबे यांचे कमार हे त्या काळच्या रायपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातले, म्हणजे आजच्या उदंती-सीतानदीच्या परिसरातले. जेथे रानम्हैस वाचविण्याचा खटाटोप चालू आहे, तेच हे रान. मराठीत मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात वनवासींचे ज्ञान आणि त्यांचे शब्द आदराने येतात, आणि मराठीचा निसर्गविषयक शब्दसंग्रह त्यांनी मोठा केला. तरीही तेथे सांगणारा चितमपल्लीच असतात. ज्ञान पारधीचे, निवेदन वनाधिकाऱ्याचे.

या तिसऱ्या शिकाऱ्याला जन्मजात संवर्धक ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. पारद ही सामूहिक शिकार आहे आणि तिने रान रिते होऊ शकते. पारध्यांनी धरलेले पक्षी बाजारातही जात. परंतु त्याच्या ज्ञानाचा एक विशेष असा की, ते प्राण्यापुरते नसते. कोणते गवत केव्हा उगवते, कोणता पाणवठा कोणत्या महिन्यात आटतो, कोणती वाट गुरांची आणि कोणती रानजनावरांची, हे सर्व त्यात एकत्र असते. प्राणी परत आणताना मूळ प्रश्न प्राण्याचा नसून जागेचा असतो. राजाजवळ जागेची मालकी होती, साहेबाजवळ तिचे वर्णन होते; तिच्याशी दैनंदिन व्यवहार मात्र या तिसऱ्याचा होता.

कुनोत त्याचे काय झाले? गीरच्या सिंहांसाठी म्हणून एकोणिसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तेथील चोवीस गावे उठविण्यात आली. त्यांत सहरियांची वस्ती मोठी होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह हलविण्याचा निर्णय दिला, तरी सिंह आजवर आलेले नाहीत. २०२० मध्ये न्यायालयाने आफ्रिकी चित्त्याच्या प्रयोगाला अनुमती दिली आणि रिकाम्या झालेल्या रानात चित्ते आले. मराठी वृत्तपत्रे चित्त्यांचे 'पुनर्वसन' झाले असे लिहितात, आणि उठलेल्या गावांचेही 'पुनर्वसन' झाले असेच लिहितात. एकाचे येणे आणि दुसऱ्याचे जाणे या दोहोंना आपली भाषा एकच शब्द वापरते, हा निव्वळ शब्ददारिद्र्याचा भाग मानता येणार नाही. चित्ते ज्या देशांतून आले तेथे शिकार कायदेशीर आहे, आणि शिकारीच्या उत्पन्नातून प्राणी राखावेत हे मत तेथे उघडपणे मांडले जाते. ते मान्य असो वा नसो, तेथे शिकाऱ्याला वादात जागा आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर ही जागा मिटली. तो कायदा आवश्यकच होता. परंतु त्याचा वाङ्मयीन परिणाम विषम झाला. संस्थानिकाची आठवण आत्मचरित्र म्हणून छापली जाते. साहेबाची आठवण अभिजात ग्रंथ म्हणून पुनर्मुद्रित होते. कमाराची तशीच आठवण ही गुन्ह्याची कबुली ठरते. साहजिकच तो गप्प बसतो.

५

मृगयेचा निवेदक म्हणतो, प्राणी आणता येतो. शिकारीचा निवेदक म्हणतो, इतरांना आवरले तर प्राणी राहतो. दोघांचीही साक्ष उपयोगी आहे, परंतु पहिली मालकीच्या आणि दुसरी निर्दोषत्वाच्या गृहीतकावर उभी आहे. पुनःस्थापनेचे आजचे कार्यक्रम ही दोन्ही गृहीतके पुराव्याबरोबर नकळत उचलतात. म्हणून या संहिता निव्वळ माहितीची कोठारे म्हणून न वाचता निवेदने म्हणून वाचल्या पाहिजेत.

तिसऱ्या साक्षीबाबत वाचनाच्या आधी संकलन करावे लागेल, आणि त्यासाठी वेळ थोडा आहे. १९७२ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. उदंतीच्या रानात रानम्हशींचे कळप कोणत्या वाटेने उतरत, हे स्वतः पाहिलेली अखेरची पिढी हीच. हलबी, गोंडी, छत्तीसगढी आणि कमारांची बोली यांतील या आठवणी, सांगणाऱ्यावर आरोपीचा शिक्का बसणार नाही अशा रीतीने, नोंदविणे हे भाषा आणि साहित्याच्या विभागांना करता येण्याजोगे काम आहे. वनखात्याला ते करता येणार नाही, कारण त्याच्यासमोर हा मनुष्य बोलणार नाही. आसामातून आणलेल्या रानम्हशीला येथील वाटा ठाऊक नाहीत. त्या ज्याला ठाऊक आहेत, त्याला आपण अद्याप काही विचारलेले नाही.