तेल खाते, पाणी पिते

रिस्टोरेशनच्या रीलमध्ये गाडी कधी बंद पडत नाही. ती आधीच बंद पडलेली असते, गवतात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, टायर मातीत रुतलेले. मग नव्वद सेकंदांत गंज निघतो, प्रायमर बसतो, रंग चढतो, कुणीतरी किल्ली फिरवतं आणि मागे बास वाजायला लागतो. असे शेकडो व्हिडिओ मी रात्री दोन वाजता पाहिलेत, पुढेही पाहीन. बघायला मजा येतेच. पण या प्रकारात एक खोट आहे. त्याला 'आफ्टर' असतं. जुनी गाडी घरी सांभाळणाऱ्याच्या वाट्याला 'आफ्टर' कधी येत नाही. त्याला फक्त पुढचा महिना असतो.

म्हणून या विषयावरचं सगळ्यात खरं काम मला अजूनही १९५८ सालच्या एका ब्लॅक अँड व्हाइट बंगाली सिनेमात सापडतं. ऋत्विक घटकचा 'अजान्त्रिक'. मराठीत लिहायचं तर अयांत्रिक, म्हणजे जे यंत्र नाही ते. मूळ कथा सुबोध घोष यांची. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागात बिमल नावाचा टॅक्सीवाला १९२० सालची एक खिळखिळी शेवरोले चालवतो. तिचं नाव जगद्दल. बंगालीत जगद्दल म्हणजे जागचा न हलणारा अवजड दगड. टॅक्सीला हे नाव ठेवणं म्हणजे घोड्याचं नाव 'बसकण' ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी हिंदीत 'चलती का नाम गाडी' आला. त्यातही जुनी गाडी आणि गॅरेज आहे, पण तिथली गाडी विनोदासाठी आहे. 'अजान्त्रिक'ची सुरुवातही विनोदी आहे. लग्नाला उशीर झालेला नवरदेव आणि त्याचा मामा या डब्यात बसतात. नंतर मात्र हसू हळूहळू घशात अडकायला लागतं.

या सिनेमाबद्दल जे लिहिलं जातं त्यात एक ठरलेला मुद्दा असतो. बिमल गाडीला सजीव मानतो, सिनेमात ओराँव आदिवासींचे नाच आहेत, म्हणजे घटकने यंत्रयुगाला आदिम श्रद्धेशी जोडलं. हे चूक नाही. पण हे लिहिणारे बहुधा कधी गॅरेजात तासभर बसलेले नाहीत. बिमल रेडिएटरमध्ये पाणी ओततो आणि जगद्दल गटागटा आवाज करत ते पिते, हा प्रसंग त्यांना जादूचा वाटतो. आपल्याकडे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. गाडी तेल खाते. पाणी पिते. धूर ओकते. चढाला दम टाकते. मिसिंग मारते. ही नुसती लाडाची भाषा नाही, हे निदान आहे. 'तेल खाते' म्हणजे ऑइल सांडत नाही, आत जळतंय. मग रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो असेल तर त्याचं सील बघायचं. 'पाणी पिते' म्हणजे खाली थेंब नाही तरी पातळी उतरतेय, हेड गॅस्केटवर संशय घ्या. घटकने श्रद्धा दाखवली असेल, पण तो त्या आधी कारागिराचं बोलणं ऐकून आलाय. ऐकणं हाच या सिनेमाचा खरा विषय आहे, असं माझं मत आहे.

एक फरक मात्र आपल्या भाषेमुळे पडतो. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं. त्यामुळे जगद्दल मित्र आहे, बायको आहे की म्हातारा बाप, हे घटकला सांगावं लागत नाही. मराठीत आपण तोंड उघडताच अडकतो. गाडी रुसली, नटली, दमली. आपल्या गाडीप्रेमाच्या बहुतेक लिखाणात हा चिकटपणा उतरतो: मालक पुरुष, गाडी 'राणी'. सिनेमात एक फसवली गेलेली मुलगी जगद्दलमधून जाते, बिमल तिच्यात गुंततो आणि गाडी बिघडायला लागते. मराठी प्रेक्षक याला लगेच सवतीमत्सर म्हणेल. बंगालीत ती जागा मोकळी आहे, आणि ती मोकळीच बरी.

आता कुणी म्हणेल, १९२०च्या शेवरोलेचं ठीक आहे, ती कानाने ऐकता यायची. सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या गाडीत काय ऐकणार?

महाराष्ट्रात हा प्रश्न तसा जुना नाही. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२चा. त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटी पिढ्यानुपिढ्या स्क्रूड्रायव्हर आणि कानाच्या जोरावर चालल्या. टर्बो पेट्रोल आली ती बरीच नंतर. २००४मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर, दीडशे हॉर्सपॉवर, औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडलेली. २०१५मध्ये अबार्थ पुंटो, १.४ लिटर, १४५ हॉर्सपॉवर, पुण्याजवळच्या रांजणगावची. तेव्हा पोस्टर लावून बघितलेल्या या गाड्या आता म्हाताऱ्या होतायत आणि तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांना सेकंडहँडमध्ये परवडायला लागल्यात. घ्यायला परवडतात. ठेवायला परवडतात का, हे नंतर कळतं.

माझ्या मामेभावाने अशीच एक घेतली. पंधरा वर्षांची, टर्बो पेट्रोल. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळात मामाचं घर आहे. अंगणात एक गाडी जेमतेम मावते आणि बॉनेट उघडलं की तुळशीला वळसा घालून जावं लागतं. दादाची गाडी एप्रिलमध्ये एकदम मंद झाली. पिकअप नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सुस्कारा. त्याने फोनला ब्लूटूथ स्कॅनर जोडला. कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. कोड खरा होता आणि निरुपयोगीही. दाब कमी आहे हे कळलं, जातोय कुठून हे नाही.

टर्बो म्हणजे थोडक्यात एक पंखा. सायलेन्सरकडे निघालेला आठ-नऊशे अंशांचा धूर तो फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. ही दाबलेली हवा रबरी होजमधून जाते, आणि सोलापूरचा बेचाळीस-त्रेचाळीसचा उन्हाळा पंधरा खाल्ले की रबराचं पापड होतं. कोपऱ्यावरचे मिस्त्री आले, गाडीला हात न लावता उभे राहिले आणि म्हणाले, "शिट्टी मारतीय बघ बे. फोन ठेव की, ऐक." मग साबणाचं पाणी. होजमध्ये हलका दाब भरून वरून फेस शिंपडला. दोन ठिकाणी बुडबुडे आले. एक होज क्लॅम्पखाली चिरलेला, आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या आतला रबरी पडदा फाटलेला.

मिस्त्रींचं अर्धं आयुष्य यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलंय. खटखटाटातून एकाच मागाचा बिघडलेला ठोका वेगळा काढायची सवय कानाला आहे. बिमलकडे असंच काही आहे, असं मला सिनेमा पुन्हा बघताना वाटलं. त्याला वेडा म्हणणारे इतर टॅक्सीवाले नव्या गाड्या चालवतात. त्यांना ऐकायची गरज अजून पडलेली नाही.

पण बिमलचं कौतुक इथेच थांबवलं पाहिजे, कारण घटकही थांबवतो. जगद्दल मोडल्यावर बिमल होते-नव्हते पैसे घालून नवे पार्ट बसवतो. आणि मग तिच्यात दगड भरून चढावर नेतो. तिने सिद्ध करून दाखवावं म्हणून. ती कोसळते. हा प्रसंग प्रत्येक मॉडिफिकेशनवाल्याने बघावा. पंधरा वर्षांच्या टर्बोला रीमॅप करून वीस-पंचवीस हॉर्सपॉवर वाढवणं हे दगडच आहेत. घटकला प्रेमाची ही बाजू कळलेली आहे: आपण जीव लावतो आणि त्याचीच वसुली मागतो.

सिनेमाशी माझं भांडण एकाच ठिकाणी आहे. बिमल फार एकटा आहे. मदतीला एक पोरगा, बस्स. कवितेला हे सोयीचं असेल, पण जुनी गाडी एकट्याने राहत नाही. लेथवाला, रेडिएटर झाळणारा, गॅस वेल्डिंगवाला, वायरमन, आणि "अजून किती घालणार हिच्यात?" विचारणारी मामी, एवढ्यांनी मिळून ती उभी असते. मामीचा प्रश्न बरोबर आहे. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करावी लागते, आरटीओत तपासणी, वर पर्यावरण कर, आणि मिळतात ती पाचच वर्षं. दादाचा पगार तीस हजारांच्या आत आहे. तो ज्या महिन्यात टर्बोचं काम काढेल त्या महिन्यात घरात दुसरं काहीतरी निघणार नाही. बिमलला हा प्रश्न विचारणारं घरात कुणी नाही, म्हणून त्याची शोकांतिका जरा स्वस्तात होते.

शेवट सगळ्यांना माहीत असतो. जगद्दल भंगारात जाते, सुटे तुकडे होऊन हातगाड्यावरून. एक लहान मूल तिचा हॉर्न वाजवतं आणि बिमल रडता रडता हसतो. याला आशा, नवा जन्म वगैरे म्हणतात. मला तिथे एक साधी गोष्ट दिसते. हॉर्न हा पार्ट आहे. गाडी मेली आणि तिचा एक पार्ट अजून चालतोय.

दादाला नवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह मिळाला नाही. मागवायचा तर तीन आठवडे आणि किंमत ऐकून मामा आत निघून गेला. शेवटी मिस्त्रींच्या ओळखीने त्याच मॉडेलची, हायवेला उलटून भंगारात गेलेली एक गाडी सापडली. दर्शनी बाजू चेपलेली, काचा गेलेल्या. व्हॉल्व्ह मात्र शाबूत. दादाने तो तिथेच तोंडाला लावून फुंकून बघितला, हवा परत येत नाही याची खात्री केली आणि रुमालात गुंडाळून खिशात घातला.