वेरूळचीं चोवीस ताम्रचित्रें: एक परीक्षण

गतवर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्याहून यवतमाळास येतांना चौकटींत बसविलेलें एक चित्र मला भेट म्हणून आणिलें. चित्र वेरूळच्या कैलासाचें; 1803 साली लंडनमध्यें निघालेल्या चोवीस चित्रांच्या संग्रहावरून अलीकडे छापलेलें. मागील बाजूस विक्रेत्यानें ‘डॅनियलनें पाहिलेलें वेरूळ’ अशी चिठ्ठी चिकटविली होती. चित्र सुरेख आहे. चिठ्ठी मात्र खोटी आहे. आणि हीच चूक आमच्या कांहीं संशोधनपर लेखांतहि चित्राखालीं छापलेली वाचनांत आल्यामुळें या संग्रहाचें थोडें परीक्षण करणें अवश्य वाटलें.

थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे 1793 मध्यें मुंबईस आले व त्या बाजूचीं लेणीं त्यांनीं पाहिलीं. वेरूळास ते गेले नाहींत. वेरूळचीं मूळ रेखाटनें जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकाराचीं. सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांच्या तसबिरी काढणारा वेल्स तो हाच. 1795 मध्यें साष्टींत तो वारला. पुणें दरबारचा इंग्रज वकील सर चार्लस मॅलेट यानें 1799 मध्यें वेल्सच्या मुलीशीं विवाह केला, आणि सासऱ्याचीं रेखाटनें जांवयाच्या द्वारें डॅनियलकडे गेलीं. संग्रहाच्या मुखपृष्ठावर चित्रें वेल्सच्या रेखाटनांवरून केल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां दोष डॅनियलकडे नाहीं; मोठें नांव दिसतांच पुढील ओळ न वाचणाऱ्या आम्हांकडे आहे.

हा भेद केवळ नांवाचा नव्हे. हीं चित्रें ‘ॲक्वाटिंट’ पद्धतीचीं आहेत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड धरवून तो तेजाबांत बुडवितात. तेजाब राळेच्या कणांमधील जागा खातें, आणि ठसा काढिला म्हणजे पातळ शाईचा हात फिरविल्यासारख्या छटा उमटतात. डोंगराची कड, कातळावरील ओल, लेण्याच्या तोंडाशीं दाटलेला काळोख हें या पद्धतीला उत्तम साधतें. परंतु जो काळोख मनाला भारून टाकतो तोच संशोधकाला नडतो. देवळाच्या जोत्यांतील उपान, जगती, कुमुद, कंठ हे थर सावलीच्या एका पट्ट्यांत विरून जातात. हे थर किती, कोणत्या क्रमानें व किती उंचीचे, हेंच शैली ठरविण्याचें मुख्य साधन. ज्यानें इमारत पाहिली नाहीं अशा कारागिरास रेखाटनांतील संदिग्ध रेषेचा उलगडा स्वतःच्या कल्पनेनें करावा लागतो, आणि कल्पना नेहमीं भव्यतेकडे झुकते. म्हणून या चित्रांवरून कैलासाचें माप किंवा थर सांगणें धोक्याचें आहे; त्यासाठीं बर्जेसचा 1883 चा वेरूळविषयक अहवालच उघडावा. फर्गसननें 1845 मध्यें शिळाछापाचीं चित्रें काढविलीं, तीं निदान त्याच्या स्वतःच्या जागेवरील रेखाटनांवरून तरी होतीं.

मग या चोवीस चित्रांचा उपयोग काय? थोडा नाहीं. डोंगर व लेणीं यांची परस्पर मांडणी त्यांत एका दृष्टींत समजते, आणि त्या वेळीं प्रचारांत असलेलीं लेण्यांचीं नांवेंहि जपलीं गेलीं आहेत. ‘इंद्रसभा’ हें त्यांपैकींच एक. 32 व्या क्रमांकाच्या जैन लेण्यांतील यक्षाची मूर्ति इंद्राची समजल्यामुळें तें पडलें. नांव चुकीचें खरें, पण लोकसमजुतीच्या इतिहासाला तें मोलाचें आहे.

येथें गंगाराम तांबटाचा उल्लेख न करणें अन्याय होईल. मॅलेटच्या पदरीं असलेला हा पुण्याचा चित्रकार. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा त्यानें काढिला, मल्ल काढिले, आणि वेरूळहि काढिलें. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या 6 व्या खंडांतील मॅलेटच्या वेरूळविषयक लेखाला त्याच्याच रेखाटनांचा आधार होता. त्याचीं चित्रें आज अमेरिकेंत येल येथील ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहेत. तांब्यावर उतरलेल्या त्या डौलदार संग्रहाच्या मुखपृष्ठावर या तांबटाचें नांव नाहीं. महाराष्ट्रांतील इमारतींच्या चित्रणाचा इतिहास लिहितांना पहिलें प्रकरण डॅनियलनें उघडावें कीं गंगारामानें, याचा विचार झाला पाहिजे.

आमच्या जिल्ह्याच्या वांट्याला असे चित्रकार आले नाहींत. कळंबचें चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे, पायऱ्या उतरून जावें लागतें. डॅनियलच्या हातीं तें लागतें तर त्या उतरण्याचें काय सुंदर चित्र झालें असतें, आणि गाभाऱ्याविषयीं आपणांस किती थोडें कळलें असतें! 1897 मध्यें कझिन्सनें मध्यप्रांत व वऱ्हाडांतील प्राचीन अवशेषांच्या याद्या प्रसिद्ध केल्या, तेव्हां यवतमाळ हें वणी जिल्ह्यांत मोडत असे. जिल्ह्याला यवतमाळचें नांव 1905 मध्यें मिळालें. अशा यादींत स्थळ सांपडतें, इमारतीचा चेहरा सांपडत नाहीं.

याचा अनुभव मला नुकताच आला. जिल्ह्यांतील एका खेड्यांतील हेमाडपंती देवळाचें जोतें गांवकऱ्यांनीं भक्तिभावानें सिमेंटनें सारखें करून वर तेलरंग दिला. पुढें त्यांनाच तें खटकलें व जुनें रूप कसें होतें हें विचारावयास ते माझ्याकडे आले. मजजवळ उत्तर नव्हतें. शोध करितां एका घरांत 1958 सालचें लग्नाच्या वऱ्हाडाचें छायाचित्र निघालें. वऱ्हाडी देवळासमोर दाटीनें उभे आहेत. पण डाव्या बाजूला, एका मुलाच्या टोपीमागें, खुर, कुंभ, कलश व कपोताली असे चारहि थर स्वच्छ दिसतात. छायाचित्राच्या पाठीवर काढणाऱ्याचें नांव व तिथि पेन्सिलीनें लिहिलेली होती. नक्कल करितांना तींहि आम्हीं उतरून घेतलीं.