हरित डिजिटल कलेचा खर्च कोणी उचलायचा?

डिजिटल कलेला ना कॅनव्हास लागतो ना संगमरवर. मग तिचा निसर्गावर भार तो काय पडणार, हा समज बरीच वर्षे टिकून होता. २०२१ मध्ये त्याला तडा गेला. मार्चमध्ये डिजिटल कलाकार बीपल यांच्या चित्रसंग्रहाचा एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर नोंदलेले मालकीचे प्रमाणपत्र, ख्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. त्याच सुमारास फ्रेंच कलाकार जोआनी लमर्सिए यांनी स्वतःच्या सहा एनएफटींचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार, स्टुडिओला दोन वर्षांत लागली नाही एवढी वीज त्या एका विक्रीत खर्ची पडली होती. त्यांनी पुढची विक्री रद्द केली.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने, म्हणजे ज्यावर अनेक एनएफटी नोंदले जातात त्या ब्लॉकचेनने, व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. म्हणजे कलाकृती कुठल्या तंत्रावर उभी आहे, हा प्रश्न तिच्या आशयाइतकाच मोलाचा आहे. अनुदान देणाऱ्यांनी तो अर्जाच्या टप्प्यावरच विचारायला हवा.

काहींनी सुरुवात केली आहे. आर्ट्‌स कौन्सिल इंग्लंडने २०१२ पासून नियमित अनुदान घेणाऱ्या संस्थांना ऊर्जेचा हिशेब देणे बंधनकारक केले; ज्यूलीज बायसिकल ही संस्था त्यांना त्यात मदत करते. पण हिशेब ठेवणे वेगळे आणि खर्च कमी करण्यासाठी पैसा देणे वेगळे. जर्मनीच्या संघीय सांस्कृतिक प्रतिष्ठानाचा ‘फोंड्स झिरो’ मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. निर्मिती करतानाच उत्सर्जन टाळण्याच्या वाटा शोधणाऱ्या प्रकल्पांना तो थेट निधी देतो.

असा पैसा काय घडवू शकतो, हे ‘सोलर प्रोटोकॉल’ या कलाप्रकल्पात दिसते. टेगा ब्रेन, ॲलेक्स नेथनसन आणि बेनेडेटा पियान्टेला यांनी वेगवेगळ्या देशांत सौरऊर्जेवर चालणारे छोटे सर्व्हर जोडले आहेत. ज्या ठिकाणी त्या घडीला ऊन भरपूर, तिथला सर्व्हर वाचकाला पान पाठवतो. ढग आले, बॅटरी उतरली की पानाचे रूपही साधे होते. ऊर्जेची मर्यादा इथे कलाकृतीचा घाट ठरवते. आयबीम ही कला-तंत्रज्ञान संस्था आणि मोझिला यांच्या पाठबळाने हा प्रकल्प उभा राहिला.

मात्र बॅटरी जुनी होते, सर्व्हर बंद पडतो, तो बघायला माणूस लागतो. बहुतेक अनुदाने उद्‌घाटनापाशी संपतात, आणि कलाकृतीचे आयुष्य तर तिथून सुरू होते. देखभालीला पैसा नसला की जुने टाकून नवे मागण्याखेरीज कलाकाराकडे मार्ग उरत नाही. ई-कचऱ्यात भर पडते ती अशी. पर्यावरणाची जबाबदारी कलाकाराने घ्यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण दुरुस्तीचा खर्च, जुनी यंत्रे वापरण्याची मुभा आणि सावकाश काम करायला लागणारा वेळ मंजूर न करता केवळ कार्बनचा तक्ता मागणारा निधी ती जबाबदारी कलाकाराच्या एकट्याच्या खिशावर ढकलतो.