कुन्हा रिव्हारा यांचे दप्तर आणि १६०६ चा ठराव

चर्चच्या इतिहासाशी दलित अभ्यासकाला काय देणेघेणे, असे आमच्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात. धुळे-जळगावकडच्या विद्यार्थ्याला तर गोवा म्हणजे सहलीचे ठिकाण. तरीही जुआकिम एलिओदोरो द कुन्हा रिव्हारा (१८०९-१८७९) या पोर्तुगीज ग्रंथपालाचे काम आपण तपासले पाहिजे. बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चने जात कशी जपली, याचा लेखी पुरावा या माणसाने छापून ठेवला. मात्र त्या पुराव्याला जो भर मिळायला हवा होता तो ना त्यांनी दिला, ना त्यांच्या मागून आलेल्या मराठी संशोधकांनी.

रिव्हारा मूळचे एव्होरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल. १८३४ साली पोर्तुगालमध्ये धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठांतली पुस्तके सरकारी ग्रंथालयांत येऊन पडली. १८३८ पासून रिव्हारा हे ढीग लावीत बसले. तिथल्या हस्तलिखितांच्या सूचीचा पहिला खंड त्यांनी १८५० साली काढला. १८५५ मध्ये ते गोव्यात सरकारचे मुख्य सचिव म्हणून आले. अधिकाराची खुर्ची मिळाली तरी ग्रंथपालाची खोड सुटली नाही. १८५७ ते १८७६ या काळात त्यांनी 'आर्किव्हो पोर्तुगेझ ओरिएंताल' या नावाने राजांची पत्रे, हुकूम आणि चर्चचे ठराव भागाभागाने प्रसिद्ध केले. सत्ताधाऱ्यांचा नोकर सत्तेचीच कागदपत्रे उघडी करतो, हे साधे काम नव्हे.

त्यांचा गाजलेला ग्रंथ म्हणजे कोंकणी भाषेवरील ऐतिहासिक निबंध (१८५८). स्थानिक भाषेची गळचेपी कोणी केली, याचा हिशेब त्यात त्यांनी मांडला. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले होते, की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज आत्मसात करावी. रिव्हारा यांना याची चीड होती, आणि गोव्यातील तरुणांनी आपल्या भाषेकडे परतावे अशी कळकळही होती. ती खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण ही भाषा जगली ती कोणाच्या तोंडी? वरच्या जातींची मुले पोर्तुगीज शिकून पाद्री झाली, वकील झाली, कारकून झाली. शेतात आणि वेशीबाहेर राबणाऱ्यांना ती शिकवायला कोण बसले होते? त्यांनी बोली सांभाळली, त्यात अभिमानाइतकीच नाइलाजाचीही गोष्ट आहे. रिव्हारांच्या निबंधाचा नायक भाषा आहे. ती बोलणारा माणूस त्यात गर्दीसारखा मागे उभा राहतो.

आता त्यांच्याच दप्तराचा चौथा भाग घ्या. तो १८६२ चा. त्यात गोव्याच्या धर्मपरिषदांचे ठराव आहेत. १६०६ च्या पाचव्या परिषदेने ठरवले, की पाद्रीपदाची दीक्षा ब्राह्मणांना किंवा प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या जातींतल्यांनाच द्यावी. खालच्या जातीच्या माणसाला देऊ नये. कारण काय, तर पाद्र्याचा समाजात मान राहिला पाहिजे! येशूचे शिष्य कोळी होते, हे त्या परिषदेतल्या धर्मपंडितांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? मनुस्मृती न वाचताही मनूची व्यवस्था चालवता येते, हे या एका ठरावातून जितके स्वच्छ दिसते तितके दहा व्याख्यानांतून दिसणार नाही.

पुढचा तमाशा तर बघण्यासारखा आहे. १७०२ साली आंतोनियु जुआंव द फ्रियास या ब्राह्मण कुळातल्या पाद्र्याने आपल्या जातीच्या खानदानीपणावर लिस्बनमध्ये ग्रंथ छापला. १७१३ मध्ये लिओनार्दु पाइश या चार्दो पाद्र्याने आपण क्षत्रिय म्हणून उलट ग्रंथ काढला. दोघेही ख्रिस्ती, दोघेही पुरोहित, आणि भांडण कोण वरचा याचे. तिसऱ्याला या वादात तोंडच नव्हते, कारण त्याची लेखणी १६०६ मध्येच काढून घेतलेली होती.

अ. का. प्रियोळकरांनी रिव्हारांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर आपल्या १९५८ च्या मुद्रणविषयक ग्रंथात दिले. १९६१ मध्ये त्यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास लिहिला. त्यांच्या परिश्रमांपुढे मान लवते. पण परक्या सत्तेने केलेला छळ आणि भाषेचा प्रश्न, या दोनच खिडक्यांतून हा इतिहास मराठी वाचकाला दिसत राहिला. छळाची तक्रार करणाऱ्या समाजाच्या आतही एक छळ चालू होता, ही तिसरी खिडकी बंदच राहिली. ती उघडल्याने इन्क्विझिशनचे क्रौर्य तसूभरही कमी होत नाही. बाबासाहेबांनी मात्र अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना, धर्म बदलला तरी जात का जात नाही, हाच सवाल मिशनला केला होता. ते लेखन समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापून आले.

छापून येण्याला लागणारा हा उशीर आम्हाला खानदेशात परका नाही. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. मग टांगा हाकायला अननुभवी माणूस बसला आणि अपघात झाला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली होती. ती पुस्तिकेच्या रूपाने निघाली १९९० मध्ये. धुळ्याला राजवाड्यांच्या मागे १९२७ साली संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांची दप्तरे जपली गेली, हे चांगलेच झाले. पण ती दप्तरे मुख्यतः ज्यांच्या घरी माळे होते त्यांची. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव शोधायचे तर मिशनची बाप्तिस्म्याची वही, शाळेचे हजेरीपुस्तक, आणि असे परक्यांनी छापलेले ठराव धुंडाळावे लागतात. आमच्या वसतिगृहांतून इंग्रजी शिकणारी मुले पुष्कळ निघाली. त्यांतल्या एकाने तरी आता पोर्तुगीज शिकावी, आणि रिव्हारांच्या चौथ्या भागापासून सुरुवात करावी.