सुटलेल्यांचे वाङ्मय

मराठीतील कारागृहवाङ्मयाचा विषय निघाला की विवेचनाचा रोख सहसा कोलूकडे, दंडाबेडीकडे आणि एकांत कोठडीकडे वळतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु या वाङ्मयाचे एक अंग आमच्या समीक्षेने जवळजवळ उपेक्षिले आहे, असे आम्हांस वाटते. ते अंग म्हणजे सुटका. बंदी कसा राबला हे आपण वर्गात शिकवितो. तो मुदतीपूर्वी कसा सुटला, कोणत्या अटींवर सुटला आणि त्या अटींचा त्याच्या लेखणीवर काय परिणाम झाला, हे मात्र आपण विचारीत नाही.

१८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे वसविलेल्या बंदीवसाहतीत सुटका ही केवळ दयेची बाब नव्हती. ती राज्यकारभाराचे साधन होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मठेपीच्या बंद्याचा मार्ग पायऱ्यापायऱ्यांनी आखलेला असे. प्रथम सहा महिने सेल्युलर जेलमधील एकांतवास, मग दीड वर्ष इतरांसमवेत तुरुंगातील काम, पुढे तीन वर्षे बराकीत राहून बिनवेतन कष्ट, त्यानंतरची पाच वर्षे काही सवलतींची. अशी दहा वर्षे निर्वेध पार पडली तर ‘तिकीट’ मिळे. तिकीटवाला जमीन कसू शके, संसार थाटू शके; बेट मात्र सोडू शकत नसे. पूर्ण मुक्ततेचा विचार वीस-पंचवीस वर्षांनंतर. प्रत्येक पायरीवर वर्तणूक तोलली जाई. चाबकाने जे साधत नाही ते आशेने साधते, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

वि. दा. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ या दृष्टीने पुन्हा वाचावी, अशी आमची सूचना आहे. दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षे, शिरावर घेऊन सावरकर जुलै १९११ मध्ये अंदमानात उतरले. छातीवरील बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष होते १९६०. या एका आकड्याने पुस्तकातील काळाची जाणीव घडविली आहे. छळाची वर्णने आपल्या स्मरणात राहतात. पण सुटकेच्या वावड्या, त्यांनी उसळणारी आणि पुन्हा मावळणारी मने, अटी पत्कराव्या की नाही यावरील राजबंद्यांचा वाद, ही पानेही तितकीच मोलाची आहेत. डिसेंबर १९१९ च्या राजघोषणेनंतर बारीन्द्रकुमार घोष, उपेन्द्रनाथ बंदोपाध्याय आदी मंडळी सुटली. सावरकर बंधू मागे राहिले. आशा आणि स्वाभिमान यांची ही ओढाताण हाच, आमच्या मते, या ग्रंथाचा खरा नाट्यविषय आहे.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. सावरकरांनी सरकारकडे केलेले अर्ज दप्तरांतून प्रसिद्ध झाले आहेत. १९१३ च्या अर्जातील विनवणीची भाषा आणि ग्रंथातील ताठ निवेदन यांत अंतर आहे. कोणी त्यावरून लेखकास दोषी ठरवितात, तर कोणी ते अंतर नाहीच म्हणतात. दोन्ही पक्ष वाङ्मयाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करतात. आम्ही एवढेच म्हणू की अर्ज हा सत्ताधाऱ्यास उद्देशून, ठरीव साच्यात लिहिलेला मजकूर असतो. आत्मकथन समाजास उद्देशून असते. एकाच मनाची ही दोन लेखने जवळ ठेवून वाचणे हे समीक्षकाचे काम आहे. एकाने दुसरे पुसून टाकणे हे नव्हे.

शिवाय हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा लेखक मुक्त होता काय? मे १९२१ मध्ये अंदमान सुटले ते हिंदुस्थानातील तुरुंगांसाठी. ६ जानेवारी १९२४ रोजी सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. ते निर्बंध १९३७ पर्यंत राहिले. ‘माझी जन्मठेप’ पुस्तकरूपाने आली १९२७ साली. म्हणजे तुरुंगाची ही कहाणी एका प्रकारच्या तिकीटवाल्याने लिहिली आहे. तरीही १९३४ साली सरकारने ती जप्त केली, यावरून तिचे सामर्थ्य कळते. मात्र तिच्यातील मौने वाचताना हे निर्बंध ध्यानी घेतलेच पाहिजेत.

उर्दूच्या सहवासात वाढलेल्या हैदराबादच्या मराठी वाचकास येथे मौलाना जाफर थानेसरी आठवावेत. १८६६ साली अंदमानात पोचलेले थानेसरी तेथे मुन्शी झाले, संसारी झाले, आणि लॉर्ड रिपनच्या कारकीर्दीत १८८३ साली सुटून आले. त्यांचे ‘काला पानी’ हेही सुटलेल्याचेच कथन.

आणि न सुटलेल्यांचे काय? १७ जुलै १८५७ रोजी आपल्या याच नगरीत, आज कोठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील रेसिडेन्सीवर तुर्रेबाझ खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हल्ला झाला. तुर्रेबाझ खान १८५९ च्या जानेवारीत मारले गेले. त्याच वर्षी मौलवींना जन्मठेपीवर अंदमानात धाडले. ते तेथेच वारले. त्यांच्या कोठडीची कथा थानेसरींसारखी कोणी वाचीत नाही, कारण ती सांगावयास ते परतलेच नाहीत.

यावरून आमचा निष्कर्ष असा की ज्यास आपण कारागृहवाङ्मय म्हणतो ते वस्तुतः सुटलेल्यांचे वाङ्मय आहे. सुटकेने त्यास जन्म दिला आणि सुटकेच्या अटींनीच त्यावर मर्यादा घातल्या. म्हणून ‘जन्मठेपे’तील उतारा शिकविताना अध्यापकांनी फळ्यावर १९११ बरोबरच १९२४ आणि १९३७ ही वर्षेही लिहावीत. त्याने लेखकाचा गौरव उणा होणार नाही. विद्यार्थ्यास मात्र कळेल की तुरुंगाचे दार उघडल्यानंतरही तुरुंग बराच काळ माणसाबरोबर चालत असतो, आणि ज्यांच्यासाठी ते दार कधी उघडलेच नाही त्यांची पाने आपल्या वाङ्मयात कोरीच राहिली आहेत.