वैद्यकीय तपासणीतील संमती : मथुरा प्रकरणाच्या निकालपत्राचे पुनर्वाचन

देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या मथुरा प्रकरणात संमती आणि अगतिक शरणागती यांतील भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ओळखला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निर्णय फिरविला. या निकालावर टीका पुष्कळ झाली. तथापि त्यातील वैद्यकीय पुरावा अधिक विचारणीय आहे. दोन बोटांच्या चाचणीवरून मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचे मानले गेले. त्या चाचणीस तिची संमती होती काय, हा प्रश्न 'संमती'चा एवढा कीस काढणाऱ्या निकालपत्रास पडलाच नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४-अ ने अशा तपासणीपूर्वी संमतीची नोंद २००६ पासून बंधनकारक केली. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणी नाकारूनही उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला. चाचणी मात्र सुरूच राहिली. अखेर २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.